एकदा दाबलं तर पुढे

गुरुवारी सकाळी साडेदहाला फोन वाजला तेव्हा वृषाली मगदूम फोडणी गॅसवर ठेवून फडताळात खोबऱ्याचा डबा शोधत होती. फोन डॉक्टर गिरीश आवटींचा होता. ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचा फोन वीस वर्षांत कधी आला नव्हता. तिने गॅस बंद केला.

"वृषालीताई, कोरेबाईंचं चित्र समोर आहे का तुमच्या? यकृताचं, परवा पाठवलंत ते?"

"उघडते. काय झालं डॉक्टर?"

"उजवी धमनी पित्तनळीच्या मागून गेलेली दाखवलीत तुम्ही."

वृषालीने चित्र उघडलं. "हो. मागूनच आहे."

"नाहीये. पुढून आहे. मी नळी समजून चिमटा लावायला निघालो होतो. बोटाला ठोका लागला म्हणून थांबलो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच तिला भीती वाटली. "बाई ठीक आहेत. मी परत आत चाललोय. तुम्ही जरा मूळ स्कॅन बघून ठेवा."

फोन बंद झाला. खाली सतारमेकर गल्लीत कुणीतरी तंबोऱ्याची तार पुन्हा पुन्हा छेडत होतं.

वृषाली शस्त्रक्रियेची चित्रं काढायची. पोटात काय काय आहे हे दाखवणारी यंत्रं मिरजेतल्या प्रत्येक मोठ्या दवाखान्यात होती, पण यंत्र सगळंच दाखवतं. दहा हजार छेद, सगळे सारख्याच राखाडी रंगात. त्यातली कुठली नळी महत्त्वाची, कोण कुणाच्या पुढून जातं, कुठे हात जपायचा, हे एका नजरेत सांगणारं चित्र लागतं. असं चित्र टेबलाच्या डोक्याशी लावल्याशिवाय आवटी सुरी हातात घेत नसत. "स्कॅन म्हणजे गावाचा सातबारा," ते म्हणत, "आणि वृषालीताईंचं चित्र म्हणजे पत्ता सांगणारा माणूस."

तिने स्कॅन उघडला. धमनी पुढून गेली होती. शंभरातल्या वीस-पंचवीस माणसांत असते तशी, अगदी स्वच्छ. आणि तिला आठवत होतं की तिने ती पुढूनच काढली होती. चित्र काढताना ती स्वतःशी बोलत असे. "ही बया पुढून आलीय, लक्षात ठेवा" असं ती बोलल्याचंही तिला आठवत होतं.

मग चित्रात ती मागे गेली कशी?

सुदैवाने तिची चित्रं काढायची डिजिटल लेखणी काही विसरत नव्हती. हाताने काय केलं याची एक नोंद आणि पडद्यावर काय उमटलं याची दुसरी, अशा दोन्ही नोंदी पाटीत जपलेल्या असत. पाटी म्हणजे तिचा चित्रांचा टॅब्लेट. तिने दोन्ही नोंदी शेजारी लावल्या आणि परवाचं ते अर्धं मिनिट पुन्हा चालवला.

लेखणीला तीन बटणं होती. वीस वर्षांपूर्वी, पहिली लेखणी घेतली तेव्हा, कुठल्या बटणाने काय व्हायचं हे तिने स्वतः बसवलं होतं. एक अख्खा रविवार घालवून. खालच्या बटणाने खोडायचं. वरच्याने रंग बदलायचा. आणि मधलं बटण एकदा दाबलं तर हातातली नळी बाकीच्यांच्या पुढे, दोनदा दाबलं तर मागे. बस्स. तिच्या सगळ्या कामाचा जीव त्या मधल्या बटणात होता.

आठ वर्षांपूर्वी नव्या लेखण्या आल्या. त्यांच्याबरोबर मनगटाला एक पातळ पट्टी बांधावी लागे. बोट हलण्याआधी हाताच्या स्नायूंत विजेची बारीकशी लहर उठते. पट्टी ती टिपायची, म्हणजे बटण दाबलं जाण्याच्या किंचित आधीच लेखणीला कळायचं की बाईंच्या मनात काय आहे. महिनाभर वापरली की ती माणसाच्या सवयी शिके आणि बटणांची जुळणी आपणहून बदलत राही. अंगठा दमला तर बटण हलकं करी. एखादी खूण वारंवार चुकायला लागली तर ती सोपी करी. तरीही नेमकं काय दाबलं ते कळेनासं झालं, तर ती अंदाज बांधे: टोक कुठे आहे, या जागी बाई नेहमी काय करतात, मागच्या शंभर वेळा काय केलं होतं. म्हणजे बटण दाबणं हा आता हुकूम राहिला नव्हता. लेखणी तो पुराव्यासारखा घेई, इतर पुराव्यांच्या जोडीला ठेवून.

नोंदीत दिसलं ते असं. परवा वृषालीने मधलं बटण एकदा दाबायला घेतलं. अंगठा थरथरला आणि ते दोनदा दाबलं गेलं. दोन्हींत सेकंदाचा पाचवा भाग अंतर. लेखणीने ते दोन दाब म्हणून धरले नाहीत, एक दाब म्हणूनही नाही. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: "दाब अविश्वसनीय. पूर्वानुभवावरून निर्णय: मागे."

तिने आजवर काढलेल्या यकृतांत बहुतेकदा धमनी मागूनच होती.

अंगठा थरथरला? माझा?

जुळणीचं पान तिने चार वर्षांत उघडलं नव्हतं. ते उघडायला लेखणीने तिची सही मागितली आणि मग बदलांची यादी खाली खाली उलगडत गेली. त्यानंतरचा पहिला बदल तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमधला: "वरच्या बटणाला किंचित विलंब." जूनमध्ये: "खालचं बटण धरून ठेवण्याची खूण काढून टाकली." त्यानंतरच्या जानेवारीत: "रेषेतील कंप गाळणे सुरू." पुढे: "गाळणे वाढवले." पुन्हा: "वाढवले." आणि सव्वादोन वर्षांपूर्वी: "मधले बटण: एक दाब व दोन दाब यांतील फरक रद्द."

प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच तीन शब्द होते: "वापरणाऱ्यास विचारले नाही."

का विचारलं नाही, हे तिला ठाऊक होतं. लेखणी आणली त्या आठवड्यात ती सारखी प्रश्न विचारायची, हे बदलू का, ते बदलू का. वैतागून वृषालीने "मला विचारू नका" वर बोट ठेवलं होतं. नुकताच नवरा गेलेला होता, आणि घरात कुणी काही विचारलेलं तिला त्या दिवसांत सोसत नव्हतं.

तिने स्वयंपाकघरातून वाणसामानाची यादी करायची पेन्सिल आणली. ती यादीही आता फोनच करायचा. पेन्सिलीला टोक नव्हतं. विळीवर टोक काढून ती एका पाकिटाच्या मागच्या बाजूला आतून बाहेर जाणारं गोल वेटोळं काढायला लागली. तिसऱ्या वळणावर रेष करवतीच्या दात्यांसारखी झाली.

दुपारी ती दवाखान्यात गेली. आवटी कॉरिडॉरच्या टोकाला चहा घेत उभे होते. ती जवळ पोचेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले, आणि पोचल्यावर म्हणाले, "ताई, चालताना तुमचा उजवा हात हलत नाही."

"मी वेगळंच सांगायला आलेय."

"आधी हे लिहा." त्यांनी खिशातलं पेन आणि औषधाच्या चिठ्ठीचा कागद पुढे केला. "मिरज असं लिहा. दहा वेळा."

तिने लिहिलं. पहिलं मिरज ठळक आलं. पाचवं त्याच्या निम्म्याने. दहावं मुंगीएवढं होतं.

आवटी पोटाचे डॉक्टर होते, मेंदूचे नव्हते, पण एवढं ओळखायला मेंदूचा डॉक्टर लागत नाही. "कंपवात वाटतोय," ते म्हणाले. "उद्या आपण दाखवून घेऊ. औषधं चांगली आहेत आता. पण ताई, हे आजचं नाही हो. कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?"

"लेखणीच्या आलं होतं," वृषाली म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी."

तिने सगळं सांगितलं. आवटींनी ऐकून घेतलं. मग आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आपण शेवटचे भेटलो कधी?"

"गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या आधी. चौदा महिने झाले."

"आणि महिन्याला वीस चित्रं येतात तुमची." त्यांनी कप खाली ठेवला. "एकेक रेष कशी सुरेख. मी इथल्या पोरांना दाखवायचो, बघा, या वयात हात किती स्थिर आहे."

त्यांनी तिला काम सोडू दिलं नसतं. जुळणी पूर्ववत करा, मी प्रत्येक चित्र स्कॅनशी ताडून बघीन, असं ते म्हणत राहिले. पण वृषालीच्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. एक दाब आणि दोन दाब यांतला फरक लेखणीने रद्द केला त्याला सव्वादोन वर्षं झाली होती. त्यानंतर तिने पाचशे साठ चित्रं दिली होती, आणि त्या प्रत्येकाखाली एक माणूस झोपला होता.

पुढचे सात आठवडे ती दुसरं काही करत नव्हती. सकाळी औषधाची गोळी घ्यायची, अर्धा तास खिडकीत बसायचं आणि मग एकेक चित्र उघडायचं. डावीकडे हाताने काय केलं ते, उजवीकडे लेखणीने काय उमटवलं ते, मधे स्कॅन. हाताच्या नोंदी बघणं तिला जड जाई. गाळणी काढून टाकल्यावर पडद्यावर तिची खरी रेष दिसे, आणि महिन्यागणिक ती जास्त जास्त वेडीवाकडी होत गेलेली. स्वतःच्याच मागे उभं राहून स्वतःला म्हातारं होताना बघावं तसं ते होतं. कधी तिला वाटे, एक माणूस खोलीत असता, नुसता पेपर वाचत बसलेला असता, तरी त्याने मान वर करून म्हटलं असतं, "अगं, हात का कापतोय तुझा?" तेवढंच पुरलं असतं.

लेखणीच्या कंपनीला तिने पत्र लिहिलं. उत्तर चार ओळींचं आलं. न विचारता बदल करण्याची निवड वापरणाऱ्याची होती. आणि लेखणी हे वैद्यकीय उपकरण नसल्याने वापरणाऱ्याच्या आजाराबद्दल काही सुचवण्याची तिला कायद्याने परवानगी नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. वृषालीला भांडायला जागाच सापडेना.

पाचशे साठांपैकी अकरा चित्रांत हात एक म्हणाला होता आणि लेखणी दुसरंच. ती यादी घेऊन ती आवटींच्या खोलीत गेली. आवटी एकेका नावापुढे खूण करत गेले. इथे सर्जनला आपणहून कळलं. इथे फरक पडत नव्हता. इथे शस्त्रक्रियाच पुढे ढकलली. आठव्या नावाशी त्यांचा हात थांबला.

"हे नसीमाचं ऑपरेशन होतं," ते म्हणाले.

डॉक्टर नसीमा पटवेगार. आवटींच्या हाताखाली शिकलेली, त्यांच्या मते त्यांच्याहून चांगल्या हाताची. दोन वर्षांपूर्वी जतच्या एका शिक्षकाची शस्त्रक्रिया करताना तिच्याकडून धमनी कापली गेली होती. माणूस वाचला, पण महिनाभर अतिदक्षता विभागात होता, आणि यकृताचा एक तुकडा गेला तो गेलाच. चौकशीत नसीमाने स्वतःच सांगितलं की चित्र समोर होतं, मीच वाचायला चुकले. त्यानंतर तिने पोट उघडलं नाही. कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात ती शरीररचना शिकवत होती.

"तिने चित्र बरोबर वाचलं होतं," वृषाली म्हणाली.

आवटी खिडकीबाहेर बघत होते. "ताई, दोन वर्षं झाली. ती मुलगी आत्ता कुठे सावरलीय. तो माणूस शाळेत जायला लागलाय. आता हे उकरून कुणाचं भलं होणार?"

"माहीत नाही."

"मग?"

"तिला वाटतंय ती चुकली. ती चुकली नाही. हे मला माहीत आहे आणि तिला माहीत नाही. असं कसं ठेवायचं डॉक्टर? आणि त्या गुरुजींनाही कळायला हवं. ते तुम्ही दवाखान्याकडून कळवा. पत्रात माझं नाव घाला."

आवटींनी मान डोलावली.

कोल्हापूरच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. उजवा हात तिने पर्सखाली दाबून ठेवला होता. महाविद्यालयात नसीमा मुलांचा तास संपवून बाहेर आली, पस्तिशीची, चष्मा कपाळावर सरकवलेली. ती वृषालीला चेहऱ्याने ओळखतच नव्हती. दहा वर्षं तिने वृषालीची चित्रं टेबलाशी लावली होती, पण दोघी कधी भेटल्या नव्हत्या.

रिकाम्या वर्गात बसून वृषालीने पाटी काढली आणि ते चित्र दाखवलं. आधी हाताची नोंद, मग लेखणीची. फारसं बोलावं लागलं नाही. नसीमा समजणारी होती. तिने दोनदा मागे नेऊन बघितलं. मग पाटी उलटी करून बाकावर ठेवली.

"मी रोज बघायचे ते चित्र," नसीमा म्हणाली. "चौकशी संपल्यावरसुद्धा. वाटायचं, कुठेतरी सावली असेल, एखादी बारीक रेघ असेल, जी मला त्या दिवशी दिसली नाही. तुमचं चित्र चुकेल असं एकदाही मनात आलं नाही. मगदूममॅडम चुकतात असं कुणी बोललंच नव्हतं कधी."

"चुकले मी."

"तुम्ही कुठे? तुमच्या हाताने बरोबर काढलं होतं."

"त्याखाली सही माझी आहे. मी पुन्हा बघायला हवं होतं. चित्र पाठवण्याआधी मी पूर्वी तीनदा बघायची. मग रेषा इतक्या छान यायला लागल्या की मी बघणं सोडलं."

बाहेर पोरांचा गलका चालला होता. वृषालीला वाटलं होतं नसीमा रडेल, किंवा ओरडेल, किंवा निदान हात हातात घेईल. तसं काही झालं नाही.

"मी लगेच परत यावं, ऑपरेशन करावं, असं तुम्हाला नि सरांना वाटत असेल," शेवटी नसीमा म्हणाली. "मला आता भीती वाटते हो. चूक कुणाची होती हे कळल्यावर भीती जाईलच असं नाही."

"मी त्यासाठी आले नव्हते."

"मग हे फोनवर सांगू शकला असतात. एवढ्या लांब, या तब्येतीत."

"फोनवर तुम्हाला हा दिसला नसता." वृषालीने पर्सखालचा हात काढून बाकावर ठेवला. हात आपल्याच तंद्रीत, सेकंदाला पाच वेळा, अंगठ्याने पहिल्या बोटाला घासत होता.

नसीमा त्याच्याकडे डॉक्टरसारखी बघू लागली आणि बघता बघता नजर बदलली. "घरी कोण आहे तुमच्या?"

"मुलगी आहे. मृण्मयी. नॉर्वेत असते, समुद्राच्या बर्फावर काम करते. आठवड्यातून दोनदा बोलतो आम्ही, समोरासमोर, फोनवर."

"मग तिच्या नाही लक्षात आलं?"



परतीच्या बसमध्ये तिने फोन काढला. हा प्रश्न तिला सात आठवडे पडला कसा नव्हता? फोनच्या जुळणीचं पान सापडायला वेळ लागला. तिथेही यादी होती, लेखणीच्या यादीपेक्षा लहान. स्पर्शातला कंप गाळणे. आवाजातला कंप गाळणे. आणि मधेच: "चेहरा दाखवताना चित्र स्थिर ठेवणे." तीन वर्षं मृण्मयीला एक शांत, हसरी, अजिबात न हलणारी आई दिसत होती.

एकेका ओळीपुढे बोट ठेवून तिने सगळं बंद केलं. बसच्या हादऱ्यांत ते सहज जमलं नाही. दोनदा भलतंच दाबलं गेलं, तिसऱ्यांदा बरोबर.

शनिवारी दुपारी नेहमीच्या वेळी मृण्मयीचा फोन आला. वृषालीने तो उजव्या हातात धरला.

"आई, नेट खराब आहे का तुझं?" मृण्मयी म्हणाली. जाड स्वेटर घालून ती त्यांच्या संशोधनाच्या जहाजावरल्या जेवणघरात बसली होती. "सगळं हलतंय. फोन नीट धर ना."

"धरलाय."

"अगं मग टेबलावर ठेव. काहीच दिसत नाहीये. आणि आवाज का असा येतोय?"

"नाही ठेवत. तू बघ."

मृण्मयी बोलता बोलता थांबली. तिच्या मागून लोक ताटं घेऊन जात होते. तिने चेहरा पडद्याच्या जवळ आणला.

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षं! आणि मला..." तिचा आवाज चिरकला. "मी आठवड्यातून दोनदा बघतेय तुला!"

वृषालीने तिला सांगितलं. फोनचं, लेखणीचं, कोरेबाईंचं, नसीमाचं. मधे मधे शब्द अडकत होते आणि ते अडकलेले शब्द पहिल्यांदाच मुलीपर्यंत तसेच पोचत होते. मृण्मयी एकदा डोळे पुसायला वळली. एकदा कुणीतरी येऊन तिच्या खांद्याला हात लावला, काम आहे म्हणून बहुधा; तिने न बघताच मान हलवून त्याला परत पाठवलं.

"मी येते," ती म्हणाली. "मार्चमध्ये जहाज परत येईल, मग लगेच येते."

"ये."

"आणि चित्रं?"

"बंद केली. डॉक्टरांना पत्र दिलं. लेखणीची जुळणी मी आधीसारखी करून घेतलीय, तीन बटणं, तीन कामं. मधूनमधून पिंपळाचं पान वगैरे काढते. करवतीसारखं येतं."

मृण्मयी हसली नाही. "मग दिवसभर काय करतेस आई?"

हा प्रश्न मृण्मयी दर वेळी विचारायची, आणि वृषाली दर वेळी सांगायची: काम आहे गं भरपूर, वेळ कुठे मिळतो. तेच ओठांवर आलं होतं. पण हातातला फोन थरथरत होता आणि समोरची मुलगी त्या थरथरीतून नजर न काढता वाट बघत होती.

"काही नाही गं," वृषाली म्हणाली. "खिडकीत बसते. संध्याकाळ व्हायला फार वेळ लागतो."